दोन मिनिटं चौदा सेकंद

मी उत्तरेश्वर. अणदूरच्या बसस्टँडसमोर माझं सलून हाय. खुर्च्या दोन, त्यातली एक हलती, आन समोर भिंतभर आरसा. चौतीस वर्सं वस्तरा चालवतोय, पण कुणाच्या गालाला कधी रगात आणलं न्हाय, असं मी गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचो. आता सांगत न्हाय. का सांगत न्हाय ते ऐका, आन ऐकून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हणा. माझं मला म्हणून झालंय.

आमचा फोनवर एक ग्रुप हाय, 'पडदा मंडळ, अणदूर'. माणसं एकवीस, ॲडमिन मी. आता तुमी म्हणाल, खेड्यातली माणसं कशाला असल्या मालिकांच्या नादाला लागली. का, आमाला डोळे न्हाईत? एका मालिकेपायी आमी सगळ्यांनी मिळून एकच खातं घेतलं होतं. ते एका टायमाला दोनच फोनवर चालायचं. मग भांडणं सुरू. तवा म्याच तोडगा काढला. सामाईक विहिरीला पाण्याची बारी असती, तशी बघायची बारी लावली. शुक्रवारी सकाळी नवा भाग यायचा. शुक्रवार ते रविवार ज्यानं त्यानं आपल्या बारीला बघायचा. माझं गिऱ्हाईक शनवार-रविवारी जास्त, म्हणून माझी बारी सगळ्यात शेवटी, रविवारी दिवस मावळायला.

सोमवारी सलून बंद असतं. त्या दिवशी धा वाजता सगळे माझ्याकडं जमायचे आन त्या भागाचा पंचनामा व्हायचा. कोण कसं वागलं, कुणाचं चुकलं, पुढं काय व्हईल. जे गावात न्हाईत त्यांच्यासाठी बोलणं फोनवर भरून ग्रुपात टाकायचो. तोवर मातर कुणी तोंड उघडायचं न्हाय. एकानं आधी बोलून टाकलं की बाकीच्यांची बारी वाया जाती. कुणी बोललाच, तर त्याला आमी 'गोष्ट फोडली' म्हणायचो. ॲडमिननं तो मेसेज तिथल्या तिथं पुसायचा, आन फोडणाऱ्यानं सोमवारी सगळ्यांना चहा पाजायचा. कायदा माझा होता. मला त्याची लई घमेंड होती, खोटं कशाला बोलू.

त्या मालिकेचं नाव मी घेत न्हाय, घेतलं की घास उतरत न्हाय. गोष्ट साधी होती. एक हट्टी म्हातारा. त्याच्या पोरीनं मनानं लगीन केलेलं, म्हणून त्यानं तिला दार बंद केलेलं. ती पोटुशी. आठ भागांत एवढंच, की म्हातारा दार उघडतो का न्हाय. बाकी मग विहिरीत सापडलेलं लुगडं, भावकीचे डाव, ते सगळं तोंडी लावायला.

पिठाच्या गिरणीवाला बब्रुवान म्हणायचा, "हे नट शहरातले. धोतर नेसलेत का गुंडाळलंय तेच कळंना." अंगणवाडीतल्या गजराबाईंचं लक्ष सैपाकावर. "तव्यावर भाकर टाकल्यावर पाणी कुठं फिरवलं तिनं? कोरडीच उलथली. पोटुशीला असली भाकर घालतात व्हय?" असं चालायचं. हसून हसून पोट दुखायचं.

पण ज्याचं बोलणं ऐकायला माणसं थांबायची तो एकच, हिंमतराव अण्णा. अकरा एकराचे धनी, साठी उलटलेली, आवाज भारी. त्यांना फोनवर लिवता यायचं न्हाय, बोलूनच पाठवायचे. ते कायम म्हाताऱ्याच्या बाजूनं. "बापाचं काय जळतंय ते बापालाच ठावं," म्हणायचे. आन हे ते का म्हणतात, ते अख्ख्या गावाला ठावं होतं.

अण्णांना एकच लेक, सृष्टी. ती त्यांना अप्पा म्हणायची. तिचं जावळ म्याच काढलेलं, खंडोबाच्या पायरीवर, अण्णांच्या मांडीवर. नळदुर्गला कालिजात जायची तवा तिनं उमाशंकर नावाच्या पोराबरोबर लगीन केलं. पोरगा आळंदचा, कर्नाटकातल्या. कामाचा, निर्व्यसनी, पण आपल्यातला न्हाय. अण्णांनी तिचा नंबर फोनमध्ये अडवून टाकला, बायकोला, द्वारका वहिनीला, शपथ घातली, आन घरात तिचं नाव बंद केलं. सहा वर्सं. वहिनी भाजी आणायला भाईर पडल्या की बसस्टँडवर उगंच आळंदच्या गाडीकडं बघत उभ्या राहायच्या. मी आरशात बघायचो.

मालिकेचा पैला भाग झाला आन मला फोन आला. "उत्तरेश्वर काका, मी सृष्टी." माझ्या हातात कंगवा होता, तो खालीच पडला. म्हणाली, "तुमच्या ग्रुपात अप्पा बोलतात म्हणं. मला त्यांचा आवाज ऐकायचाय. मला आत घ्या."

"अगं, पर त्यांना कळलं तर?"

"सासूबाईचा नंबर हाय, त्यावरनं येते. मी बोलणार न्हाय, नुसती लिहीन. पण खंडोबाची आन घ्या काका, कुणाला सांगणार न्हाय म्हणून."

म्या आन घेतली. दुसऱ्या दिवशी ग्रुपात एक बाई आली, 'नीलम्मा, आळंद'. म्या सांगितलं, माझ्या मेव्हण्याच्या वळखीची हाय. कुणी काय इचारलं न्हाय.

आन त्या नीलम्मानं अण्णांना असं धारेवर धरलं की बब्रुवान सुदीक गप झाला. ती लिव्हायची, "म्हातारा हट्टी नाही, भित्रा आहे. लोक काय म्हणतील याला भितो." अण्णा बोलून पाठवायचे, "नीलम्माबाई, तुमाला पोरी न्हाईत म्हणून तुमी आसं म्हणता." ती परत, "पोरीचा जीव तुटत नसेल का?" असं दर सोमवारी. तिसऱ्या भागात म्हातारा कडब्याची गंजी रचत असतो. तिनं लिव्हलं, "वरच्या पेंढ्या उलट्या लावल्यात. पाऊस आला तर सगळा कडबा कुजेल. शेंडा खाली लागतो." त्या सोमवारी अण्णा लई येळ काय बोललेच न्हाईत. बुधवारी दाढीला आले तवा सहज इचारल्यागत म्हणले, "ही नीलम्मा शेतकऱ्याची दिसती." म्या म्हणलं, "असंल बाबा." मनात म्हणलं, उत्तरेश्वर, काय गुंगवलंस म्हाताऱ्याला.

चौथ्या भागात ती पोटुशी पोरगी घागर उचलती. नीलम्मानं लिव्हलं, "सहाव्या महिन्यात अशी घागर उचलवत नाही. मला सहावाच चालू आहे." गजराबाईंनी आशीर्वाद दिला, बब्रुवाननं फुलं टाकली. अण्णांकडनं काय आलं न्हाय. पण त्या दिवसापास्नं त्यांचं म्हाताऱ्याला पाठीशी घालणं कमी झालं. सहाव्या भागाला तर म्हणले, "आता बास कर म्हणावं बाबा. पोरगी अवघडलीया." मला वाटलं, मालिकेचा गुण आला.

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी, गुरवारी, सृष्टीचा परत फोन. आवाज थकलेला. "काका, सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. इथं सगळ्या बाया इचारतात, मूळ कधी येणार, न्यायला कोण येणार. सासूबाई चांगल्या हायेत, त्या काय बोलत न्हाईत, पण त्यांची नजर दाराकडं असती." मग म्हणाली, "उद्या शेवटचा भाग. अप्पा त्याच्यावर काय बोलतात तेवढं मला ऐकायचंय. म्हाताऱ्यानं दार उघडलं आन अप्पा म्हणाले बरं केलं, तर मूळ न्हाय आलं तरी मी येते. एकटी येते. आन न्हाय म्हणाले तर मग ह्या जन्मात न्हाय."

म्या म्हणलं, "बाई, मी सांगू का अण्णांना?"

"आन घेतलीय तुम्ही," ती म्हणाली.

आता एक मधलं सांगायचं राहिलं. दुसऱ्याच भागाला बब्रुवाननं शनवारीच कायतरी लिव्हलं होतं, आन म्या ते न वाचता पुसलं होतं. न वाचता, कारण माझी बारी रविवारी. फोडलेलं वाचलं तर माझ्याच भागाची माती. बब्रुवान सोमवारी चारचौघांत उखडला. "मी गिरणी कधी चालू आसती ते लिव्हलं होतं. तू वाचत न्हाईस, ऐकत न्हाईस, नुसता पुसतोस. ही काय हुकूमशाही हाय?" सगळे हसले. माझं नाक कापलं गेलं. पण म्या कायदा बदलला न्हाय. उलट मनात धरलं की न वाचता पुसतो हे पुन्हा कुणाला कळू द्यायचं न्हाय.

शनवारी दुपारी तीनला अण्णांची बारी होती. सलूनात रांग लागलेली. एका माणसाच्या गालाला साबण लावलेला, वस्तरा उघडलेला, आन फोन वाजला. बघतो तर अण्णांचा आवाज ग्रुपात. दोन मिनिटं चौदा सेकंद. एवढं लांब ते कधी बोलले नव्हते. म्या म्हणलं, घ्या, म्हाताऱ्यानं शेवटचाच भाग फोडला. बोट दाबून धरलं आन सगळ्यांसाठी पुसून टाकलं. अर्धं मिनिट बी झालं नसंल. वर लिव्हलं, "हिंमतराव अण्णांनी गोष्ट फोडली. सोमवारचा चहा अण्णांचा."

लगेच हसरी तोंडं यायला लागली. धा-बारा जणांची. बब्रुवाननं लिव्हलं, "बडा मासा गावला." मला बी बरं वाटलं, की आता बब्रुवानला कळलं, कायदा मोठ्याला बी हाय.

मग नीलम्माच्या नंबरावरनं मेसेज आला, माझ्या एकट्याला. "काका, अप्पांनी काय पाठवलं होतं? तुम्ही पुसलं का त्यांनीच पुसायला सांगितलं?"

गिऱ्हाईक खुर्चीत मान वर करून बसलेलं. साबण वाळत चाललेला. म्या न ऐकता पुसलं, असं त्या पोरीला कसं सांगायचं? उद्या तिनं ते ग्रुपात लिव्हलं तर बब्रुवान परत नाचंल. म्या अंगठ्यानं लिव्हलं, "त्यांनीच सांगितलं." दोन शब्द. आन फोन खिशात टाकून दाढी करायला लागलो. ती दाढी मला अजून आठवती. एक बी केस ऱ्हायला नव्हता.

रविवारी म्या शेवटचा भाग बघितला. म्हातारा पावसात उभ्या पोरीकडं फटीतनं बघतो, लई येळ बघतो, आन मग अडसर काढतो. तिथंच संपलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं. म्या म्हणलं, उद्या अण्णा नक्की म्हणणार, बरं केलं. मला तर वाटलं, शनवारी बी हेच म्हणले असतील आन परत म्हणतील. माणूस एकदा बोलतो ते दोनदा बोलायला काय लागतं?

सोमवारी अण्णा चहाची किटली घेऊन आले. सगळ्यांना आपल्या हातानं चहा दिला. कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हते. बब्रुवान म्हणला, "अण्णा, शनवारी लई घाई झाली तुमाला." सगळे हसले. अण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं, चहाचा इषय म्हणून.

म्या फोन मधी ठेवला, भरायला लावला. गजराबाई बोलल्या, बब्रुवान बोलला. मग म्या इचारलं, "अण्णा, म्हाताऱ्यानं शेवटी दार उघडलं. बरं केलं का न्हाय?" मी आपला मदत करायला गेलो. सरळ तोच सवाल टाकला.

अण्णांनी किटलीचं झाकण बसवलं. मग म्हणले, "चुकलं त्याचं. दार उघडून काय व्हतंय? भाईरच्याला आत यायचं तर पायजे. उघडणाऱ्याची नुसती फजिती व्हती, लोकं हसतात. मी आसतो तर उघडलंच नसतं."

म्या फोन बंद करायला हात घातला, पण तोवर ते भरून झालं होतं. न टाकावं तर बब्रुवान समोर बसलेला, कायदा माझाच. टाकलं. साडेअकराला ग्रुपात अक्षरं आली, 'नीलम्मा, आळंद' यांनी ग्रुप सोडला. अण्णांनी आपल्या फोनवर ते बघितलं. किटली उचलली आन घराकडं गेले.

म्या सृष्टीला फोन लावला, तिनं उचलला न्हाय. परत लावला, न्हाय. मग म्या बी सोडून दिलं. म्हणलं, बापलेकीचं भांडण, मधी आपण कोण. असं म्हणायला सोपं असतंय.

दोन-अडीच महिने गेले. अण्णा दर बुधवारी दाढीला यायचे, पण मालिकेचा इषय न्हाय. ग्रुपात एक शब्द न्हाय. एका बुधवारी दुपारी सलूनात दुसरं कुणी नव्हतं. साबण लावत होतो, तवा डोळे मिटूनच म्हणले, "उत्तरेश्वर, सृष्टीला मुलगी झाली म्हणं. आळंदच्या बाजाराला गेलेला माणूस सांगत होता."

"बरं झालं की अण्णा," म्या म्हणलं.

"तू त्या दिवशी ऐकून पुसलंस ते बरं केलंस. पुसायच्या आधी धा-बारा जणांनी ऐकलंच, हसले बी. पर बाकीच्यांत तरी अब्रू राहिली."

 म्या म्हणलं, "काय बोलला होता तुमी?"

"ऐकलंस की तू."

"व्हय, पर इसरलो," म्या म्हणलं. त्या टायमाला बी खरं निघालं न्हाय तोंडातनं.

मग अण्णा बोलले. डोळे मिटलेलेच. "म्या म्हणलो, सृष्टी, बाळा, कडब्याच्या पेंढीचं लिव्हलंस तवाच वळखलं. शेंडा खाली लावायचा हे तुला म्याच शिकवलं होतं. तवापास्नं मी मालिकेसाठी बोलत नव्हतो, तुझ्यासंगं भांडायला बोलत होतो. त्या म्हाताऱ्यानं आठ भाग लावले, म्या सहा वर्सं लावली. तुझ्या आईनं बाळंतपणासाठी बाज नव्यानं विणून घेतलीया. डिंक आणलाय, खोबरं आणलंय. येत्या गुरवारी मूळ म्हणून मी स्वतः येतो. तू नुसतं 'हो' लिही." मग म्हणले, "आजून बी लई बोललो. लहानपणीचं कायबाय. आता ध्यानात न्हाय. सोमवारपत्तर वाट बघितली. सगळ्यांनी हसरी तोंडं टाकली, तिनं 'हो' लिव्हलं न्हाय. मग चारचौघांत आणखी काय बोलू? आन सोमवारी तर निघूनच गेली. तिचं बी बरोबर हाय. सहा वर्सं म्या ऐकलं न्हाय, तिनं का ऐकावं."

वस्तरा हातात होता. म्या तो खाली ठेवला. म्हणलं, अण्णा, पाणी पिऊन येतो. मोरीपाशी जाऊन उभा ऱ्हायलो. तिथंच बोलायचं होतं. माघारी फिरून पाय धरायचे होते, की अण्णा, कुणी ऐकलंच न्हाय, ती तोंडं चहाला हसत होती, पोरीला म्या खोटं सांगितलं. एवढंच. पण मला दिसलं की अण्णा उठून जातील, गावात सांगतील, आन ह्या खुर्चीत परत कुणी मान वर करून बसणार न्हाय. म्या पाणी पिलो, आलो, आन उरलेली अर्धी दाढी केली.

ठरवलं, सोमवारी सलून बंद असतं, घरी जाऊन सांगू. पहिल्या सोमवारी पावणे आले. दुसऱ्या सोमवारी निघालो, अण्णांच्या वाटेपत्तर गेलो. अंगणात ती बाज होती, नवी सुंभाची, आन वहिनी तिच्यावर मिरच्या वाळत घालत होत्या. मी तिथनंच फिरलो. तिसऱ्या सोमवारी नक्की म्हणलं होतं. रविवारी सकाळी शेतात अण्णांच्या छातीत कळ आली. सोलापूरला नेताना वाटंतच गेले.

सृष्टीला फोन म्याच लावला, दुसऱ्या नंबरावरनं. ती येईपत्तर मयत थांबवलं. ती आली, बाळ छातीशी धरलेलं, सहा वर्सांनी उंबरा ओलांडला, आन बापाच्या पायाशी बसली. रडली न्हाय. वहिनी एवढंच म्हणत होत्या, "आलीस का गं, आलीस का."

दहाव्याला न्हाव्याचं काम मलाच. ओढ्यावर अण्णांच्या पुतण्याचं, कृष्णराजचं, डोकं भादरलं. विधी झाला, माणसं पांगली. मी हत्यारं धूत बसलो होतो, तवा सृष्टी येऊन समोरच्या दगडावर बसली. मांडीवर पोर. जावळ दाट, अण्णांसारखं.

"काका," ती म्हणाली, "त्या शनवारी अप्पांचा आवाज आला तवा फोन माझ्या हातातच होता. म्या लावला. 'सृष्टी, बाळा,' एवढं ऐकू आलं. आन बंद पडला. बघते तर पुसलेला. मला वाटलं, चुकून नाव तोंडातनं गेलं असंल. तुम्हाला इचारलं, तर तुम्ही म्हणालात, त्यांनीच पुसायला सांगितलं. म्हंजे माझं नाव घेतलं आन त्याचीच त्यांना लाज वाटली. सोमवारी तर ते बोललेच. नववा भरला तरी मी दाराकडं बघत होते. पण आता आई म्हणती की बाज माझ्यासाठी विणली होती. कोण खोटं बोलतंय?"

म्या सांगितलं. सगळं. बारी, कायदा, बब्रुवान, साबण, ते दोन शब्द, बुधवारची दाढी, तीन सोमवार. तिच्याकडं न बघता सांगितलं. म्हणलं, आता शिव्या दे, चप्पल काढ, पोरी, मी तुझा बाप तुझ्यापास्नं तोडला.

तिनं बाळाला या मांडीवरनं त्या मांडीवर घेतलं. म्हणाली, "ते काय बोलले ते सांगा. दोन मिनिटं चौदा सेकंद होतं ना? सगळं सांगा. एक शब्द सोडू नका."

म्या डोळे मिटले आन अण्णा बोलले तसं सांगायला लागलो. कडब्याची पेंढी, शेंडा खाली. म्हाताऱ्याचे आठ भाग आन त्यांची सहा वर्सं. बाज, डिंक, खोबरं. गुरवारी मी स्वतः येतो, तू 'हो' लिही. सांगून झालं. अर्धं मिनिट बी लागलं न्हाय.

ती वाट बघत ऱ्हायली. पोर चुळबुळ करायला लागलं.

"आन बाकीचं, काका?" तिनं इचारलं. "लहानपणीचं काय म्हणाले?"

"ते कुणीच ऐकलं न्हाय, बाई," म्या म्हणलं. "ते म्या पुसलं."